एका रकान्यात 'स्टँडर्ड', दुसऱ्या रकान्यात 'दहशतवाद'

इंजिनिअरिंग झाल्यावर पहिली काही वर्षं मी बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये होतो. काम दोन प्रकारचं असायचं. एक म्हणजे व्यवहारांवर नजर: ठरावीक रकमेच्या वर किंवा ठरावीक देशातून पैसा आला की सिस्टीमने अलर्ट काढायचा. दुसरं म्हणजे नावांची तपासणी: खातेदाराचं नाव संशयितांच्या यादीतल्या कुणाशी जुळतंय का ते बघायचं. टेस्टिंग करताना मी गंमत म्हणून माझं स्वतःचं नाव टाकलं. अलर्ट आला. नावात 'मोहम्मद' असलं की हमखास यायचा. टीममधले हसले, मीही हसलो.

त्यामुळे एचएसबीसी बँकेचं प्रकरण वाचताना मला आकड्यांपेक्षा एका फील्डने जास्त अस्वस्थ केलं.

या बँकेची अमेरिकी शाखा प्रत्येक देशाला धोक्याचा एक दर्जा द्यायची. असे चार दर्जे होते आणि त्यांतला सगळ्यात खालचा, म्हणजे 'काही काळजी नको' असा दर्जा होता 'स्टँडर्ड'. २००६ ते २००९ या काळात मेक्सिकोसमोरच्या रकान्यात हाच शब्द होता. ड्रग्जच्या टोळ्यांनी पोखरलेला देश, रोज खुनांच्या बातम्या, आणि बँकेच्या लेखी धोका शून्य! या एका नोंदीचा परिणाम काय झाला? एचएसबीसी मेक्सिकोकडून आलेले ६७० अब्ज डॉलरहून जास्त रकमेचे व्यवहार कुणी नीट तपासलेच नाहीत. सॉफ्टवेअर बिघडलेलं नव्हतं. त्याला जे सांगितलं होतं तेच ते इमानदारीने करत होतं.

तिकडे मेक्सिकोत टोळ्यांची माणसं एकाच दिवशी एकाच खात्यात लाखो डॉलर रोख भरत होती. त्यासाठी त्यांनी खास खोके बनवून घेतले होते. काउंटरच्या खिडकीतून बरोबर आत जातील अशा मापाचे! हे अमेरिकेच्या न्याय खात्याने स्वतः सांगितलेलं आहे. सिनालोआ टोळी आणि कोलंबियाची नॉर्ते देल व्हाये टोळी यांचे किमान ८८ कोटी डॉलर या बँकेतून धुऊन निघाले.

शिक्षा काय झाली? ११ डिसेंबर २०१२ रोजी न्याय खात्याने बँकेशी करार केला. १.९ अब्ज डॉलर भरा, पाच वर्षं नीट वागा, मग आरोप मागे घेऊ. त्या वर्षी बँकेचा करपूर्व नफा २० अब्ज डॉलरच्या वर होता. म्हणजे दंड झाला साधारण पाच आठवड्यांच्या कमाईइतका. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बोनसचा काही भाग पाच वर्षं पुढे ढकलला गेला. हो, ढकलला गेला, रद्द झाला नाही. तुरुंगात कुणीच गेलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुदत संपली आणि आरोपही संपले.

असं का झालं, याचं उत्तर २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीच्या अहवालातून मिळालं. खात्यातल्याच मनी लॉन्डरिंग विभागाच्या वकिलांनी खटला भरण्याची शिफारस केली होती. वरिष्ठांनी ती मानली नाही. दरम्यान ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखांना पत्र लिहिलं होतं. कठोर कारवाई केलीत तर जगाच्या अर्थव्यवस्थेला धक्का बसेल, असा त्याचा सूर होता. मखझूम घराण्यातल्या बाईने चोरी केली तेव्हा तिच्यासाठी रदबदली करायला माणूस पाठवला गेला, ही हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तिथे रदबदली चालली नव्हती. इथे चालली.

एवढ्यावर हे प्रकरण थांबलं असतं तर तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट आहे, आपल्याला काय त्याचं. पण करारानंतर बँकेला आपण सुधारलो आहोत हे दाखवायचं होतं. जुलै २०१४ मध्ये याच एचएसबीसीने लंडनच्या फिन्सबरी पार्क मशिदीला पत्र पाठवलं: तुमचं खातं आता आमच्या धोका पत्करण्याच्या मर्यादेत बसत नाही, ते बंद करत आहोत. उम्मा वेल्फेअर ट्रस्ट या मदतसंस्थेलाही त्याच सुमारास असंच पत्र गेलं. धर्माचा या निर्णयाशी संबंध नाही, असं बँक म्हणाली. मग संबंध कशाशी, हे मात्र नीट सांगितलं नाही.

या मशिदीचा इतिहास वादग्रस्त आहे, हे लपवायचं कारण नाही. अबू हमजा तिथूनच भाषणं द्यायचा. पण २००५ मध्ये नव्या विश्वस्तांनी ताबा घेतला आणि तो अध्याय संपवला. खातं का गेलं हे शोधताना विश्वस्तांना कळलं की, वर्ल्ड-चेक नावाच्या डेटाबेसमध्ये मशिदीच्या नावापुढे 'दहशतवाद' अशी वर्गवारी होती. जगभरच्या बँका ग्राहकांची माहिती या डेटाबेसमधून घेतात. मशीद कोर्टात गेली. २०१७ मध्ये तेव्हाची मालक कंपनी थॉमसन रॉयटर्सने माफी मागितली आणि १० हजार पौंड भरपाई दिली.

म्हणजे पुन्हा एक रकानाच. मेक्सिकोसमोर 'स्टँडर्ड' लिहिलं होतं म्हणून अब्जावधी डॉलर बिनबोभाट गेले. मशिदीसमोर 'दहशतवाद' लिहिलं होतं आणि तिला बँकेने दार दाखवलं. दोन्ही नोंदी चुकीच्या होत्या, पण नमाजींच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला रदबदलीचं पत्र लिहायला कुठला अर्थमंत्री आला नाही.

कुणी म्हणेल, बँक बुडवली तर सामान्य ठेवीदार आणि कर्मचारी भरडले जातील. बरोबर आहे. पण माणसांवर खटला भरायला बँक बुडवावी लागत नाही. सिनेटच्या २०१२ च्या अहवालात कुणाला कधी इशारा मिळाला आणि त्याने काय उत्तर दिलं, हे ईमेलसकट छापलेलं आहे. दंड भागधारकांच्या पैशातून जातो. ज्याने इशारा वाचून बाजूला ठेवला, त्याच्या खिशाला झळ लागत नाही, मग तो पुढच्या वेळी का घाबरेल?

घाबरत नाहीत याचा पुरावा ताजा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टीडी बँकेने गुन्हा कबूल केला. मनी लॉन्डरिंगच्या कटाचा गुन्हा कबूल करणारी ती अमेरिकेच्या इतिहासातली पहिलीच बँक. दंड तीन अब्ज डॉलरच्या वर, शिवाय अमेरिकेतला व्यवसाय वाढवण्यावर मर्यादा. एचएसबीसीपेक्षा हे नक्कीच कडक आहे, मी नाकारत नाही. पण कारण वाचा: २०१८ ते २०२४ च्या एप्रिलपर्यंत बँकेचे ९२ टक्के व्यवहार, एकूण १८.३ लाख कोटी डॉलरचे, देखरेखीच्या सिस्टीममधून जातच नव्हते. सिस्टीम सुधारायला पैसे लागतात आणि खर्च वाढवायचा नाही, असं वरून ठरलेलं होतं.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण हिंजवडीत किंवा खराडीत अशाच कुठल्यातरी बँकेच्या कोडवर काम करत असतील. त्यांना सांगायचं आहे ते माझ्याच चुकीतून. एकदा आमच्याकडे तिकीट आलं: अलर्ट फार येतात, तपासायला माणसं पुरत नाहीत, रकमेची मर्यादा वाढवा. नावांची चाळणी सैल करा, असं मात्र कुणी कधी म्हणालं नाही. किती आणि कुठल्या प्रकारचे व्यवहार यातून सुटतील, हे मी विचारायला हवं होतं, तेही ईमेलवर, म्हणजे उत्तर लेखी मिळालं असतं. मी विचारलं नाही. दोन तासांत आकडा बदलला, टेस्ट पास झाली, संध्याकाळी तिकीट बंद केलं.