मिरगीचे ऑपरेशन आणि हाताची भीती

“फीट थांबतील, पण मुलीचा उजवा हात गेला तर?” आठवीतल्या एका विद्यार्थिनीच्या अम्मीने हे विचारले तेव्हा आम्हाला बरे वाटले. निदान प्रश्न डॉक्टरच्या दारापर्यंत पोहोचला होता. नाही तर आपल्याकडे मिरगी म्हटली की ‘सावली आहे’ म्हणून ताविजाकडेच धाव. सहीह बुखारीत मिरगीच्या एका स्त्रीची हदीस आहे. झटक्यात अंगावरचे कपडे सरकतात ही तिची तक्रार होती आणि हुजूर (स.) यांनी तिच्यासाठी दुआ केली. तिला कुणी हिणवले नाही.

बहुतेकांची मिरगी गोळ्यांनीच आटोक्यात राहते. दोन योग्य औषधे पुरेशी घेऊनही झटके येत राहिले, तर ऑपरेशनने फायदा होईल का हे तपासतात. या मुलीचा झटका उजव्या अंगठ्यातून सुरू होतो, मग मनगट, दंड, चेहरा. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू हलवते, म्हणून दोष डावीकडे, हात चालवणाऱ्या पट्टीजवळ असावा. या पट्टीत हात आणि चेहरा यांनी भरपूर जागा व्यापलेली असते, पाठीला अगदी थोडी. अम्मीची भीती म्हणूनच खरी आहे.

लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी 1886 मध्येच अशा भागाजवळचा जुन्या जखमेचा व्रण काढला होता. पुढे मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी रुग्णाला जागे ठेवून, मेंदूला हलका विद्युतप्रवाह देऊन कुठे स्पर्श केला की कोणते बोट हलते ते पाहिले आणि तिथे कागदाच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. (मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. बधिर करावी लागते ती डोक्याची कातडी.) आज त्याआधी एमआरआयवरही नकाशा काढतात. लहान मुलांना मात्र झोपवूनच ही तपासणी करतात.

तरीही जोखीम शून्य होत नाही. पट्टीच्या पुढच्या भागातले ऑपरेशन असेल तर आलेला अशक्तपणा बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. खुद्द पट्टीच कापली तर बोटांची सफाई कायमची जाऊ शकते, म्हणून कित्येकदा डॉक्टर तिथे कापायला नकार देतात. तो नकार म्हणजे टाळाटाळ नव्हे.

भगिनींनो, झटका आल्यास घाबरून पाणी पाजू नका, कुशीवर वळवा आणि जमल्यास मोबाइलवर चित्रण करा. कोणता अवयव आधी हलला, यातून डॉक्टरांना फार कळते. आणि रमजानमध्ये सहरी-इफ्तारप्रमाणे गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलू नका, महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा.