गळतं खाली, उगम वर

"जुनी गाडी म्हटली की ऑइल गळायचंच!"

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं, की आता त्यावर लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाने इंजिनावर लिहावं हे घरात कुणाला पसंत नाही. आमच्या सौ. तर म्हणाल्या, "आधी स्वतःच्या सायकलचं पंक्चर काढून दाखवा." असो. पण वाक्याचा अर्थ लावणं हा माझाच धंदा होता, आणि हे वाक्य निव्वळ पळवाट आहे.

झालं असं. माझ्या भाच्याकडे टाटा ४०७ आहे, २००४ सालची. कांदा, भाजी, कधी विटा, मिळेल ते भाडं. घर त्या गाडीवर चालतं. गाडीखाली काळे डाग पडायला लागले. आधी रुपयाएवढे, मग ताटाएवढे. गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथून थेंब पडत होता. उभ्याउभ्या निकाल दिला : मागचं ऑइल सील गेलं. गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, सील बदललं. तीन दिवस गाडी उभी आणि साडेसात हजार गेले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच डाग. पुन्हा गिअरबॉक्स खाली, पुन्हा नवं सील. पुन्हा डाग! तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "इंजिनच करावं लागेल, नाहीतर गाडी काढून टाका." भाचा माझ्याकडे आला तो सल्ल्याला नव्हे, पैशाला. आणि खरं सांगतो, मीही त्याला आधी तेच म्हणालो, "विकून टाक रे, जुनी झाली." म्हणजे वरच्या वाक्याच्या गुन्हेगारांत मीही आहे.

माझा एक विद्यार्थी एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालाय. पाचवीत माझ्याकडे होता, शुद्धलेखनात कायम नापास. त्याला सहज हे सांगितलं. त्याने एकच विचारलं, "गुरुजी, आधी इंजिन धुतलं होतं का?"

नव्हतं. दोनदा गिअरबॉक्स उतरवला, पण एकदाही कुणी इंजिन धुतलं नव्हतं! वीस वर्षांचं तेल आणि त्यावर बसलेली धूळ, त्याच्या थरात नवी गळती कुठली आणि जुना मळ कुठला हे ब्रह्मदेवाला तरी कळेल का?

तो रविवारी आला. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रश घेऊन भाच्याकडून सगळं घासून घेतलं. अल्टरनेटर आणि स्टार्टरला प्लास्टिक बांधलं होतं. मग फडक्याने कोरडं पुसलं, खाली खोक्याचे पुठ्ठे अंथरले आणि गाडी चालू केली. आणि मग हा गृहस्थ गाडीखाली गेलाच नाही. टॉर्च घेऊन वरून बघत बसला. मी कारण विचारलं. म्हणाला, "तेल वर चढत नाही गुरुजी. वरून खाली येतं, आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं. म्हणून सगळ्यात वरचा ओला भाग शोधायचा."

इतकी सोपी गोष्ट! पण जिथे थेंब पडतो तिथेच भोक आहे, असं आपण सगळेच धरून चालतो. त्या जागी तर तीन संशयित एकाच दाराशी उभे असतात : इंजिनाचं मागचं सील, गिअरबॉक्सचं पुढचं सील, आणि वरून ओघळत आलेलं तेल. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, डिझेल इंजिनाचं तेल काळंकुट्ट. बोटावर घेऊन वास घेतला तरी एक संशयित सुटतो. तेवढंही कुणी केलं नव्हतं.

अर्ध्या तासाने टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला चकाकणारी रेघ दिसली. ती हळूहळू उतरून बरोबर त्या 'सील'पाशी पोचली. कव्हरखालचं कॉर्कचं पॅकिंग फुटलं होतं. कुणीतरी गळती थांबावी म्हणून बोल्ट आणखी आवळले होते, त्यानेच कॉर्क चिरडला.

मला वाटलं, संपलं. पण त्याचा पुढचा प्रश्न : दोन नवी सील का टिकली नाहीत? इंजिन चालू ठेवून त्याने ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर फस्सकन वारा आला. ब्रीदरच्या नळीच्या तोंडाशी हात धरला, तिथे काहीच नाही. थोडा वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतोच, तो त्या नळीतून बाहेर पडायला हवा. नळी काळ्या चिकट गाळाने बुजली होती. आतला दाब जाणार कुठे? मिळेल त्या फटीतून तेलच बाहेर ढकलणार. त्यात भाच्याने काळजीपोटी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर तेल भरून ठेवलं होतं!

नळी डिझेलमध्ये भिजवून हवा मारली. कव्हरची कड खरवडून साफ केली, नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट मधून कडेकडे थोडेथोडे आवळले. जास्तीचं तेल काढलं. सगळा खर्च सातशेच्या आत. त्याने मजुरी घेतली नाही, चहा मात्र तीनदा घेतला.

आता कुणी म्हणेल, सगळ्याच गाड्यांचं असं नसतं. मान्य. नळी साफ करूनही झाकणातून जोरात वारा येत राहिला असता, तर रिंगा झिजल्यात, इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन' मारतंय असं म्हणावं लागलं असतं आणि गॅरेजवाला खरा ठरला असता. सीलही खरोखर जातात. त्यालाही दोष द्यायचा तर जपून द्यावा लागतो, कारण इंजिन धुऊन तासभर टॉर्च घेऊन बसण्याचे पैसे कुठलंच गिऱ्हाईक देत नाही, सील बदलण्याचे मुकाट देतं. पण न बघता पंधरा हजारांचं काम काढणं आणि त्यावर माणसाला त्याची पोटाची गाडी विकायला सांगणं, याला मी अनुभव म्हणायला तयार नाही. जुनी गाडी गळते ती जुनी म्हणून नव्हे. पॅकिंग फुटलं म्हणून गळते, नळी बुजली म्हणून गळते. 'जुनी' हे विशेषण आहे, कारण नव्हे. (सातवीचं व्याकरण!)

या गोष्टीला सहा आठवडे झाले. भाचा रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकतो. परवा त्याचा फोन आला, "मामा, दोन थेंब पडलेत."

मी विचारलं, "वास कसला येतोय?"

"थांबा, बघतो." मग थोड्या वेळाने, "उग्र आहे. गिअर ऑइलचा."

संध्याकाळी फिटरला बोलावलंय. चहाचं आधण सौ.नी आत्ताच ठेवलं.