नाच तोच, न्याय दोन

गरिबाची भाकरी हिरावून नीतीचे राज्य स्थापन करता येते, असा समज महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांनी २००५ साली करून घेतला. त्या वर्षी १५ ऑगस्टपासून, नेमक्या स्वातंत्र्यदिनी, मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बार बंद करण्यात आले. बंदी आणणारे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातील अंजनीचे. २००९ पासून कवठे महांकाळही त्यांच्या मतदारसंघात आले. २०१५ साली दिवंगत झालेल्या आबांच्या साधेपणाचा आदर विरोधकही करीत. परंतु हेतू निर्मळ असला म्हणून कायदा न्याय्य ठरत नाही.

मुंबई, ठाणे, रायगडात हे बार फोफावले ते सरकारी परवान्यांवर. शुल्क तिजोरीत आणि पाप तेवढे नाचणारीच्या पदरात! तीन वा अधिक तारे मिरविणारी हॉटेले आणि सभासदांचे क्लब यांना मात्र बंदीतून सूट होती. धनिकांपुढे झाली ती कला, इतरांपुढे झाले ते अधःपतन!

उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी रद्द केली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. रोजगार गेल्याने अनेक स्त्रियांना वेश्याव्यवसायाकडे वळावे लागल्याची दखलही त्या निकालात आहे. तरीही २०१४ साली पुन्हा बंदी आणि २०१६ साली अटींचे जंगल उभे राहिले. त्यांतील अनेक अटी १७ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने मोडीत काढल्या.

याच तासगाव तालुक्यातील विसापुरात वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर आधार ठरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे वचन ज्या मातीने महाराष्ट्राला दिले, त्याच मातीतील नेत्याने हजारो स्त्रियांचे काम काढून घ्यावे आणि पर्यायी काम देऊ नये, हा विरोधाभास साधा नव्हे. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे कवठे महांकाळच्या दुष्काळी शिवाराला कोणी शिकवावयास नको.

बारमालकांची तरफदारी समाजवाद्यांनी करू नये. परंतु नाचणारीला कामगार मानून वेतन, संघटना आणि संरक्षण यांचा हक्क मागणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. स्त्रीची प्रतिष्ठा तिला उपाशी ठेवून राखता येत नाही.