पदवीआधीची किंमत

काळा घोडा, फोर्ट, कुलाबा या पट्ट्यातल्या छोट्या गॅलऱ्या अधूनमधून एम.एफ.ए.च्या विद्यार्थ्यांचे सामूहिक प्रदर्शन भरवतात. सात-आठ जण, दीड खोली, पंधरवड्याची मुदत. पदवी अजून हातात पडायची आहे आणि चित्राचा आकडा मात्र दर-यादीत छापून झाला आहे. हे योग्य की घाई, यावर कलाशिक्षकांत दोन तट आहेत.

बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो रोकडा आहे. या मुलांनी चित्रे लावायची कुठे? जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून उभी आहे. तिथले दालन भाड्याने मिळते आणि त्यासाठी काही वर्षे थांबण्याची तयारी लागते. त्यावर फ्रेम, टेम्पो, निमंत्रणपत्रिका. नांदेडहून किंवा कोल्हापूरहून येऊन मुंबईत खोली वाटून राहणाऱ्या मुलीला हा खर्च झेपत नाही. छोटी गॅलरी भिंत देते, दिवे देते, उद्घाटनाचा चहा देते. याहून मोठी गोष्ट म्हणजे ती अनोळखी प्रेक्षक देते. महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात चित्रापुढे उभा राहणारा बहुधा मास्तर, मित्र नाहीतर मामा असतो. गॅलरीत कुणीतरी आत येतो, चित्राकडे ओझरते बघतो आणि पुढच्याकडे सरकतो. त्या ओझरत्या नजरेतून जे कळते ते कुठल्याच वर्गात शिकवता येत नाही.

इतिहासाचे दाखलेही दिले जातात. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप 1947 मध्ये जमला आणि 1949 मध्ये त्यांनी मुंबईत एकत्र प्रदर्शन केले. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. सूझांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकल्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. लंडनमध्ये 1988 साली गोल्डस्मिथ्स कॉलेजात शिकणाऱ्या डेमियन हर्स्टने गोदी भागातल्या एका रिकाम्या इमारतीत सहाध्यायांना घेऊन ‘फ्रीझ’ भरवले; ब्रिटिश कलेच्या पुढच्या दशकाची चर्चा तिथून सुरू होते. दाखले खरे आहेत, पण लागू किती पडतात? दोन्हीकडे जमवाजमव कलावंतांची स्वतःची होती. कुणाला घ्यायचे, कुठले चित्र कुठे टांगायचे, पुस्तिकेत काय छापायचे, सगळे त्यांनी ठरवले. छोट्या गॅलरीत निवड मालकाची किंवा क्युरेटरची असते आणि विषयही बऱ्याचदा त्यांचाच. मग आठ वेगळ्या स्वभावांची चित्रे ‘स्मृती आणि शहर’ अशा एखाद्या छत्रीखाली कोंबली जातात. (अशा छत्रीखाली काय मावत नाही, हे शोधून काढणे अवघड आहे.)

विरोधकांचा खरा आक्षेप मात्र पैशावर आहे आणि तो वजनदार आहे. चित्राची किंमत एकदा जाहीर झाली की ती खाली आणणे चित्रकाराला परवडत नाही. आधी घेणारा दुखावतो, नंतर येणारा संशय घेतो. 2008 च्या मंदीआधी तरुण भारतीय चित्रकारांचे भाव झपाट्याने चढले आणि नंतर कोसळले, तेव्हा गुंतवणूकदार निघून गेले, चित्रकार त्या आकड्यासकट मागे राहिले. दुसरे नुकसान वर्गात होते. आठांपैकी दोघांच्या चित्रांखाली विकल्याची लाल टिकली लागली की सोमवारपासून उरलेले सहा जण टिकली लागलेल्या मापाचे, तशाच रंगाचे काहीतरी करू लागतात. ज्या दोन वर्षांत बिनधास्त वाया घालवायचे असते, त्यात विकाऊ माप शोधले जाते. मांडणीशिल्प करणारा तर दर-यादीत बसतच नाही. त्याला ‘छोटी ड्रॉइंग्ज आहेत का?’ असे विचारले जाते.

तरीही ही प्रदर्शने व्हावीत, असेच आमचे मत आहे. पैसा बाजूला ठेवा म्हणणारे शिक्षक पगारावर असतात, आणि स्वतःच्या चित्राचे पैसे हातात पडले की घरच्यांची ‘पुढे काय?’ ही विचारणा महिनाभर तरी थांबते. पण अटी कागदावर हव्यात. गॅलरीचा वाटा किती, पैसे कधी मिळणार, न विकलेले काम कुणाच्या खर्चाने परत जाणार, हे उद्घाटनाआधी लिहून झाले पाहिजे. विद्यार्थ्याला पुढची वर्षे एकाच गॅलरीशी बांधणारा करार या वयात कुणी मागूच नये. भाव सुरुवातीला कमी असावेत, इतके की शेजारच्या बँकेतल्या कारकुनालाही एखादा प्रिंट घेता यावा. आणि आठ जणांचे एकेक चित्र लावण्यापेक्षा चौघांची चार-चार लावावीत. एका चित्रावरून हात कळतो, डोके कळायला चार लागतात. यात चार मुले बाहेर राहतील हे खरे, आणि त्यांना ‘पुढच्या वर्षी’ म्हणून सांगणारी गॅलरी पुढच्या वर्षी तिथे असेलच, याची खात्री त्या भागातली भाडी देत नाहीत.