नवी गाडी, नवं इंजिन: भरवसा किती ठेवायचा?

आमच्या घरात गेले दोन महिने एकाच विषयावर चर्चा चालू होती. दादाने बाइक कोणती घ्यायची? तुम्ही म्हणाल, यात चर्चा कसली? शोरूममध्ये जायचं, रंग निवडायचा, हप्ता बांधायचा. पण दादा भिलाई स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे काम करतो. पहिली पाळी सकाळी सहाची. बोरिया गेटवर उशिरा पोहोचला तर त्या दिवसाची हजेरी जाते आणि हजेरी गेली की पैसे जातात. त्यामुळे पहाटे साडेपाचला गाडी सुरू होणार की नाही, हा आमच्याकडे महिन्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे.

दादाची जुनी बाइक 2011ची, कार्बोरेटरवाली. थंडीत चोक ओढायचा, दोन किक मारायच्या, निघायचं. आता तिचं इंजिन तेल प्यायला लागलं होतं. दादाला मनातून हवं होतं ते नुकतंच आलेलं एक मॉडेल: नवं इंजिन, मोठी स्क्रीन, फोनला जोडली जाणारी. बाबांचं एकच वाक्य, "आधी दुसऱ्यांना चालवू दे, मग आपण घेऊ." मला सुरुवातीला हे जुन्या माणसांचं बोलणं वाटलं. नंतर शोधायला लागले तेव्हा कळलं की बाबा फारसे चुकत नाहीत.

आधी हे समजून घ्या की बदललंय काय. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018च्या आदेशामुळे 1 एप्रिल 2020पासून देशात बीएस-4 गाड्यांची विक्री थांबली आणि बीएस-6 आलं. धूर कमी करण्यासाठी साध्या शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांतूनही कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, टाकीत बसलेला विजेचा पंप, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा छोटा कंप्युटर आला. सुपेल्यातले आमचे मेकॅनिक चाचा म्हणतात, "बेटा, पहले कान से बीमारी पकड़ते थे, अब मशीन लगानी पड़ती है."

म्हणूनच "नव्या गाड्यांची इंजिनं कच्ची असतात" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, नेमकं काय बिघडलं? बहुतेक वेळा पिस्टन-सिलिंडरला काही झालेलं नसतं. बॅटरी उतरलेली असते, इंजेक्टरमध्ये कचरा असतो, नाहीतर एखाद्या सेन्सरची वायर सैल असते. इंजेक्शनच्या गाडीला पंप चालवायलाही वीज लागते, त्यामुळे बॅटरी पार मेली तर किक असूनही उपयोग होईलच असं नाही. जुन्या गाडीची सवय असलेला माणूस इथे चिडतो आणि दोष इंजिनाला देतो.

पण खरोखरच इंजिनाचा दोषही असतो. गोंदियाच्या माझ्या मामेभावाने एक नवं मॉडेल बाजारात आल्या-आल्या घेतलं (कंपनीचं नाव सांगत नाही). साडेचार हजार किलोमीटरला इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक यायला लागली. सर्व्हिस सेंटरमध्ये तीनदा एकच उत्तर मिळालं, "या मॉडेलचा आवाज असाच असतो." चौथ्या वेळी त्याने काय केलं पाहा. थंड इंजिनाचा आणि गरम इंजिनाचा असे दोन व्हिडिओ काढले, दोन्हीत ओडोमीटर दिसेल असे. आधीच्या तिन्ही जॉबकार्डांच्या प्रती जोडल्या आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला. हेड उघडलं तर कॅमशाफ्ट घासलेला निघाला. वॉरंटीत बदलून मिळाला, कारण त्याची एकही सर्व्हिसिंग चुकलेली नव्हती. तरी अकरा दिवस गाडी तिथेच होती. अकरा दिवस! दादाने हे ऐकलं आणि त्या मोठ्या स्क्रीनचं नाव काढणं जरा कमी केलं.

मोठ्या, नामांकित कंपन्यांकडूनही चुका होतात. मे 2021मध्ये रॉयल एनफिल्डने क्लासिक, बुलेट आणि मीटिअर मिळून 2,36,966 गाड्या परत तपासायला बोलावल्या. डिसेंबर 2020 ते एप्रिल 2021 या काळात बनलेल्या या गाड्यांपैकी काहींच्या इग्निशन कॉइलमध्ये दोष होता. त्यामुळे गाडी मिसफायर करू शकत होती, क्वचित शॉर्टसर्किटचीही भीती होती. प्रत्यक्षात दहा टक्क्यांहून कमी गाड्यांची कॉइल बदलावी लागेल, असा कंपनीचा अंदाज होता. अशी बातमी वाचून लोक त्या कंपनीवर फुली मारतात. मला उलटं वाटतं. दोष मान्य करून फुकट दुरुस्त करून देणारी कंपनी "आवाज असाच असतो" म्हणणाऱ्यापेक्षा बरी.

आणि आता हा फक्त कंपनीच्या चांगुलपणाचा प्रश्न राहिलेला नाही. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आलं आणि 1 एप्रिल 2021पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांमध्ये सुरक्षेशी संबंधित दोष असल्याच्या तक्रारी ठराविक प्रमाणात जमल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. म्हणजे तुमची तक्रार एकटी असली तरी मोजली जाते. फक्त ती परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर नोंदवायला हवी, चहाच्या टपरीवर नव्हे. शोरूमवाले दादच देत नसतील तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याहून पुढे जिल्हा ग्राहक आयोग. जिथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आम्हा भिलाईकरांना दुर्ग. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जा.

आता पेट्रोलचा मुद्दा, कारण याबद्दल आमच्या सोसायटीतल्या काकूसुद्धा विचारतात. 2025मध्ये देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच म्हटलं होतं की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि 10 टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या दुचाकींची इंधनक्षमता 3 ते 4 टक्क्यांनी घटेल. साठचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी साधारण अठ्ठावन देईल. हे सहन होण्यासारखं आहे. जुन्या गाडीत मात्र रबरी नळ्या आणि सील यांच्याकडे लक्ष ठेवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात अर्धी टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नका. नवी गाडी घेताना मॅन्युअलमध्ये किंवा टाकीजवळच्या स्टिकरवर ई20 लिहिलंय का, ते बघा.

मग आम्ही निवड कशी केली? दादाने एक भारी काम केलं. आठवडाभर पाळी सुटल्यावर तो गेटजवळच्या स्टँडवर उभा राहिला आणि लोकांच्या गाड्यांचे ओडोमीटर बघत सुटला. तीस-चाळीस हजारांच्या पुढे गेलेली गाडी दिसली की मालकाला थांबवून तीन प्रश्न: इंजिन कधी उघडलं का, तेल कमी होतं का, रस्त्यात कधी बंद पडली का? शोरूममधला सेल्समन याची उत्तरं देणार नाही. स्टँडवरची माणसं आनंदाने देतात, वर चहाही पाजतात.

तुम्ही सेकंडहँड बीएस-6 गाडी बघत असाल तर एक युक्ती सांगते. चावी फिरवल्यावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा आधी लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर कुणीतरी दोष लपवायला त्याला गप्प केलेलं असू शकतं. इंजिन थंड असतानाच गाडी बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर मी असते तर परत आले असते.

शेवटी दादाने अनेक वर्षं चालत आलेल्या जुन्या इंजिनाची, इंजेक्शन बसवलेली साधी बाइक घेतली. स्क्रीन नाही, किक आहे. बाबा खूश. दादा अजून अधूनमधून त्या दुसऱ्या गाडीचे व्हिडिओ बघतो, मी पाहिलंय. दोन-तीन वर्षांनी ते इंजिन चाळीस हजार किलोमीटर पार करून स्टँडवर उभं दिसलं, तर कदाचित तीही घेईल.

सध्या तो रोज पहाटे चावी फिरवतो, पंपाचा "झूंऽऽ" आवाज थांबेपर्यंत दोन सेकंद थांबतो आणि मगच बटन दाबतो. टाकी रिझर्व्हपर्यंत जाऊ देत नाही, कारण पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. आज ओडोमीटर 612वर आहे. पहिल्या सर्व्हिसिंगला इंजिन ऑइल बदलायचं असतं, नव्या भागांच्या घर्षणातून निघालेली धातूची बारीक पूड त्यातून बाहेर पडते. शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा जाणार. मी जॉबकार्डचा फोटो काढून ठेवणार आहे.