कॅम्पिंग नको, मुक्काम करा!

यंदा होस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला : 'रात्रीच्या कॅम्पिंगसाठी परवानगी मिळणार नाही.' मुलांच्या मेसमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मुलींच्या होस्टेलमध्ये कोणी फारसं रागावलं नाही, कारण आम्हाला ती परवानगी कधी नव्हतीच! पण या निमित्ताने दोन्ही बाजूंना चार शब्द सुनवावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी रेक्टर सरांची बाजू. त्यांची भीती अजिबात खोटी नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. पण सर, ती भर दिवसाची सहल होती आणि बरोबर शिक्षकही होते. म्हणजे दोष रात्रीचा नाही, समुद्र न ओळखण्याचा आहे. आणि बंदी घालून समुद्र ओळखता येत नाही. फार तर मुलं 'मामाच्या घरी जातो' असा अर्ज लिहून जातात!

आता मित्रांनो, आपली बाजू. आपण एम-थ्रीचे पेपर सोडवतो, पण भरती किती वाजता येईल हे सांगता येतं का? कोकणातल्या माणसाचा हिशोब सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणा. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ही झाली पूर्ण भरतीची ढोबळ वेळ, दिवसाची आणि रात्रीची. चांदणं हवं म्हणून आपण नेमकी पौर्णिमा निवडतो. त्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी असते. काशीदचा किनारा कसा ऐसपैस दिसतो. आपण खुशीत पाण्याजवळ तंबू ठोकतो आणि मध्यरात्रीच्या आसपास उधाणाची भरती नेमकी तिथेच येते. खरं तर तंबूची जागा वर, सुरूच्या झाडांपाशी. आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

समुद्राचं झालं, आता तळं. 'पवना लेक' हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की ते धरण आहे हेच आपण विसरलो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यातून वाघेश्वराचं जुनं देऊळ बाहेर येतं. आपल्या स्पीकरसमोर जे 'लेक' असतं, त्याच्या तळाशी कुणाची तरी शेतं आहेत. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यातल्या कित्येकांचं पुनर्वसन अनेक दशकं रखडलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी हेच पाणी बंद पाइपलाइनने पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध म्हणून मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला.

आणि ते पाणी पितं कोण? आपण! धरणातून नदीत सुटतं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं, निगडीला शुद्ध होतं आणि आपल्या होस्टेलच्या नळाला येतं. शनिवारी ज्या पाण्यात आपण बार्बेक्यूच्या जाळ्या घासतो, तेच पुढे आपल्या कूलरमध्ये. आता बोला!

तरीही मी 'जाऊ नका' म्हणणार नाही. काठावरच्या काही घरांना आज या तंबूंमधूनच चार पैसे मिळतात. शिवाय चार भिंतींत बसून सह्याद्री कळत नाही. फक्त जायची रीत बदलायला हवी. वेळासला लोक कासवांची पिल्लं बघायला जातात, गावातल्या घरीच राहतात, घरचंच जेवतात. पैसे गावात राहतात आणि किनारा रात्री अंधारात राहतो, जो कासवांना हवा असतो. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे बघायला जायचं आणि त्यांच्यावरच मोबाइलचे टॉर्च मारायचे, हा कुठला न्याय? काजवा उजेडावर जोडीदार शोधतो. आपल्या उजेडात त्याचा उजेड कुणाला दिसणार?

कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे मला 'कॅम्पिंग'ला मराठी शब्द सुचेना. आजोबांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, मुक्काम म्हण की!" मला शब्द एकदम पटला. मुक्कामाला आलेला माणूस पाहुणा असतो. घरधन्याला विचारून पथारी टाकतो, असेल ते खातो आणि सकाळी जागा झाडून निघतो. पॅकेजवाला मात्र पैसे भरले की तळंच विकत घेतल्यासारखा वागतो.

म्हणून दोघांनाही विनंती. सर, बंदीऐवजी एक फॉर्म काढा. त्यात मुक्कामाची जागा, घरधन्याचं नाव आणि नंबर, समुद्रकिनारी जाणार असाल तर त्या दिवशीच्या भरतीची वेळ, आणि कचरा परत आणण्याची जबाबदारी कुणाची, एवढं लिहून घ्या. ज्याला भरता येणार नाही, त्याला खुशाल अडवा. आणि हाच फॉर्म मुलींच्या होस्टेललाही द्या. मित्रांनो, तुम्ही स्पीकर आणि बाटल्या घरी ठेवा. अनोळखी पाण्यात उतरू नका. धरणाचा तळ म्हणजे स्विमिंग टँक नव्हे, तिथे चिखल असतो आणि पाणी अचानक खोल होतं.

एवढं पाळलं तर तो नोटीस बोर्डावरचा कागद सर स्वतःच काढतील, अशी मला खात्री आहे. पहिला फॉर्म मी भरायला तयार आहे. भरतीची वेळ तोंडपाठ आहे!