शहर आले, सातबारा गेला



अंबड म्हटले की आपल्याला जालन्याचे आठवते. आम्ही सांगतो आहोत ते नाशिकचे अंबड. हे शेतीचे गाव. औद्योगिक वसाहतीने इथे जमीन घेतली, शेजारी सिडकोने नवीन नाशिक वसवले, १९८२ साली महापालिका झाली आणि गाव शहरात गेले. सरकारी संपादनाची रीत ठरलेली : नकाशा आधी, नोटीस मग, पैसे शेवटी.

कोणी म्हणेल, सरकार मध्ये नसते तर शेतकरी तरला असता. पश्चिम आफ्रिकेत घाना देश आहे. तिथली बहुतेक जमीन सरकारची नाही, घराण्यांची आणि गावप्रमुखांची. राजधानी अक्रा वाढते तसे हे लोक तुकडे विकतात. आधी घरे उठतात. रस्ता, पाणी, गटार मागून. एकच तुकडा दोघांना विकला जातो, कोर्टात वर्षे जातात, कब्जा राखायला भाडोत्री माणसे बसवतात. जो ती जमीन कसत होता, तो बाजूलाच.

म्हणजे इथे नकाशा आणि सक्ती, तिथे मोकळीक आणि गोंधळ. कसणारा दोन्हीकडे नागवला. कारण एकच. शेत विकले जाते शेताच्या भावाने. खरा भाव चढतो रस्ता-पाणी आल्यावर, आणि तोवर सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव लागलेले असते.

हे बदलता येते. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या शेतकऱ्यांनी नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनीवरून लढा दिला, गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पुण्याजवळ हडपसरला शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर एकत्र करून मगरपट्टा स्वतः वसवला. जमीन फुंकली नाही, भागीदार राहिले.

ते पुण्याला खेटून होते, आपण जिरायतवाले, हे खरे. पण ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा, बुलढाणा, जालन्याच्या कापूस-ज्वारीच्या रानातूनच गेला आहे. रस्त्यामागून वसाहती येतात.

म्हणून आमचे म्हणणे : दलाल किंवा नोटीस दारात येण्याआधी गावाने एकत्र बसावे. एकट्याने सही करायची नाही. नुसती रोख नको. विकसित जमिनीत वाटा हवा. दुष्काळात पोटाला चिमटा घेऊन राखलेली जमीन पहिल्या भावाला सोडायची नाही.